दोराच्या छपरावरचा ठिपका

ओदिलिया शिकायला गेली होती त्या जोग्जा शहरातून परत आली तेव्हा गावानं तिला आधी ओळखलंच नाही. केस कापलेले, पाठीवर कासवासारखी पिशवी, आणि सोबत वेनिंग नावाची जावाकडची एक बारकी मुलगी, जिला आमची चढण चढून धाप लागली होती. चर्चच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकानं विचारलं, "कुणाची गं तू?"

"हुबर्तची," ती हसत म्हणाली. "तुमच्या शेताची दोरी ओढतो ना, त्याची."

मग सगळे हसले. हुबर्त म्हणजे आमच्या गोलो पाउ गावाचा तुआ तेनो, जमीन वाटून देणारा. आमची शेतं गोल. मधोमध खुंटी, आणि तिथून कडेपर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारखे वाटे. कुणाचा वाटा किती रुंद, हे ठरवण्याचा मान त्याच्या घराण्याकडे. मी त्याच्या पुतण्याची बायको. ढोलघर म्हणजे गावाचे ढोल टांगलेलं बैठकीचं घर; त्याच्यापुढच्या दगडी अंगणाच्या काठावर हुबर्तचं घर, त्याच्या शेजारी आमचं, आणि खाली उतारावर फणसाच्या झाडाजवळ दोराकाकूचं. त्यामुळं पुढं जे झालं त्यातलं बरंचसं मी पाहिलं. जे पाहिलं नाही ते ओदिलनं मला नंतर सांगितलं, मी न विचारता.

ती माणसांचा अभ्यास करायला शिकली होती, आणि तो अभ्यास नकाशावर मांडायला. आमच्या भागात उपाशी कुणी नाही, असं जिल्ह्याच्या कागदात लिहिलेलं होतं. वर्षाची बेरीज केली तर ते खोटंही नव्हतं. पण नवा मका यायच्या आधीच्या पावसाळी महिन्यांत कुठल्या घरात काय शिजतं, हे त्या बेरजेत दिसत नाही. ओदिलला तेच दाखवायचं होतं. प्रत्येक घर म्हणजे नकाशावर एक ठिपका. ज्या घरात धान्य वर्षभर पुरतं तो फिकट पिवळा, ज्यात अजिबात पुरत नाही तो गडद तपकिरी, मधले मधल्या रंगांचे. आणि कोण कुणाला धान्य देतं त्याच्या बारीक रेषा. तो नकाशा आधी गावाला दाखवायचा, मग गावाची हरकत नसेल तर सरकारकडं न्यायचा.

"म्हणजे आमच्या पोटाचा फोटो," लोदो म्हणाला. या लोदोला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायचंच असतं.

"पोटाचा नाही काका, कोठीचा."

"माझ्या कोठीचा काढू नकोस. तिथं मी ताडी लपवतो."

लोक हसत हसत तिच्याशी बोलले. आपलीच पोर. दारात टॅबलेट घेऊन उभी राहायची, उपग्रहाशी जुळवून घराची खूण करायची, मग आत येऊन कॉफी घ्यायची आणि विचारायची: मागच्या पावसात मका कधी संपला, संपल्यावर काय खाल्लं, कुणी काय दिलं. जे आम्ही एकमेकांना सांगत नाही ते तिला सांगितलं. आमच्याकडं भूक लागणं ही लाजेची गोष्ट नाही, पण ती दिसणं आहे. ज्याच्या घरात काही नसतं तो चुलीवर रिकामं पाणी उकळत ठेवतो, धूर निघावा म्हणून. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी कुणाच्या धुराबद्दल विचारत नाही.

स्वतःच्या घरचे प्रश्न मात्र ओदिलनं विचारायचे नाहीत, असा त्यांचा नियम. मुलगी समोर असली की आईबाप खरं सांगत नाहीत. म्हणून त्या घरी वेनिंग गेली. ओदिलची आई पस्कालिना ओट्यावर कॉफीच्या बिया निवडत बसली होती. तिनं आधी इकडंतिकडं पाहिलं, मग या परक्या मुलीला सगळं सांगून टाकलं. परक्या माणसाला सांगणं सोपं असतं. उठताना वेनिंगचा हात धरून ती म्हणाली, "हे ओदिलला बोलू नकोस, बाई."

"नाही बोलणार," वेनिंग म्हणाली. तिनं ते पाळलं.

सगळी घरं झाल्यावर दोघींनी शाळेच्या रिकाम्या वर्गात संगणक मांडला. एका दुपारी वेनिंग झऱ्यावर कपडे धुवायला गेली होती आणि ओदिल एकटी नकाशा रंगवत होती. यादीत नावं नव्हती, नुसते आकडे. तिनं कळ दाबली आणि उपग्रहाच्या फोटोवर, आमच्या छपरांवर, एकेक रंग चढला. बहुतेक पिवळे, काही नारिंगी, खालच्या वाडीत थोडे तपकिरी. आणि दगडी अंगणाच्या काठावर, तिच्या बापाच्या घरावर एक, सगळ्यांत गडद.

तिला वाटलं, रकाना चुकला असेल. तिनं तो आकडा उघडला. मका संपला नोव्हेंबरात, आमच्याकडं पाऊस सुरू होतो तेव्हा. त्यानंतर खाल्लं: कडू कंद. किती दिवस: नवा मका येईपर्यंत. कुणाकडून मदत घेतली: कुणाकडूनही नाही. कुणाला मदत दिली: इथं घरांची रांगच होती.

कडू कंद जंगलात मिळतो. विषारी असतो, पातळ काप करून, टोपलीत भरून, ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवावा लागतो, विष उतरेपर्यंत. तरी जीभ बधिर होतेच. आमच्याकडं तो खातात, पण खाल्ला असं म्हणत नाहीत.

ओदिल जोग्जाला असताना वर्षातून दोनतीनदा हुबर्त तिच्यासाठी तांदळाचं पोतं धाडायचा. बसनं बंदरापर्यंत, तिथून जहाजानं. डोंगरातला लाल, जाडा तांदूळ. तिथल्या मैत्रिणींना तो जाडाभरडा वाटायचा, मग तिलाही वाटू लागला. ती अर्धाअधिक तांदूळ खोलीमालकिणीच्या कोंबड्यांना घालायची. बापाला फोनवर सांगायची, मिळाला, छान होता. हे सगळं तिला त्या वर्गात, त्या तपकिरी ठिपक्यापुढं आठवलं. ती मला म्हणाली, "वहिनी, मला रडू नाही आलं. मला कुणी बघतंय का ते बघावंसं वाटलं. मी उठून दार लावलं."

असे नकाशे लोकांपुढं मांडण्याआधी प्रत्येक ठिपका थोडा सरकवायचा, म्हणजे कुठलं घर ते कळू नये, अशी त्यांच्या अभ्यासाची रीत. ते काम यंत्र आपोआप करतं: कुणाला चार पावलं वर, कुणाला खाली, जसं येईल तसं. ओदिलनं ते केलं. ठिपके हलले. पण अंगणाच्या काठावरचा तो गडद ठिपका जेमतेम घराच्या पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत गेला. तिनं पुन्हा केलं. तो परत छपरावरच आला.

मग तिनं तो बोटानं धरला आणि खाली ओढला. अंगणापासून लांब, उतारावर. सोडून दिला. कुणाच्या छपरावर पडला ते तिनं पाहिलं नाही. "नाही पाहिलं म्हणजे," ती म्हणाली, "पाहायचं नाही असं ठरवलं." नियम सरकवायलाच सांगतो, मीही सरकवला, इतकंच, असं ती स्वतःशी म्हणत राहिली आणि वेनिंग यायच्या आत संगणक बंद केला.

रविवारी प्रार्थना झाल्यावर सगळा गाव ढोलघरात जमला. लोदोच्या जनरेटरवर प्रोजेक्टर लावला होता, खांबाला पांढरी चादर. वर ढोल टांगलेले, खाली चटयांवर आम्ही. हुबर्त मधल्या खांबाला टेकून बसला होता, त्याचीच जागा ती. ओदिलनं सांगितलं की हे ठिपके नेमके घरांवर नाहीत, मुद्दाम हलवलेले आहेत, तेव्हा घर शोधू नका, रंग किती ते बघा.

पण चादरीवर आमचं गाव वरून दिसत होतं. असं आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

"तो बघ झरा."

"चर्चचं पत्र्याचं छप्पर कसं चमकतंय."

"हा माझा ठिपका," लोदो म्हणाला. "पिवळा. बरोबर माझ्या चुलीवर आहे. हलवला म्हणे."

हशा झाला. जो तो आपलं घर शोधू लागला. आणि बहुतेकांना ते सापडत होतं, कारण चार पावलं इकडंतिकडं झाली तरी आमच्या घराभोवती आमचंच अंगण असतं. हुबर्तचा कुणी शोधला नाही, तो पिवळाच असणार हे सगळ्यांनी धरलेलं.

"मग हा काळा कुणाचा?" लोदोनंच विचारलं. त्याच्या मनात काही नव्हतं. त्यानं बोट दाखवलं तिथं फणसाचं मोठं झाड दिसत होतं, आणि फणसाजवळ एकच घर आहे. त्या घराचा पिवळा ठिपका काळ्याखाली झाकला गेला होता, हे आम्हाला मागाहून कळलं.

हसू थांबलं. कुणी वळून पाहिलं नाही, पण सगळ्यांना कळलं दोराकाकू कुठं बसली आहे ते.

दोराकाकू विधवा. तिचा नवरा हुबर्तचा चुलतभाऊ, तरुणपणीच गेला. तिनं एकटीनं आपल्या मुलाला, वेन्सला वाढवलं, गोल शेतातला वाटा एकटीनं कसला, आणि कुणाच्या दारात वाटी घेऊन गेली नाही. बोलायला फटकळ, पण तिची कोठी भरलेली असायची हे मला माहीत होतं. मीच तिच्याकडून बियाणं आणलं होतं.

ती उठली. "ओदिल, तू माझ्या घरी आलीस, कॉफी घेतलीस. मी तुला काय सांगितलं होतं?"

"काकू, ठिपके घरांवर नसतात. सरकवलेले आहेत."

"सगळे?"

"सगळे."

"बाकीचे तर आपापल्या घरी आहेत. माझाच तेवढा फिरायला गेला होय?"

एकदोघं हसली आणि लगेच गप्प झाली. दोराकाकूनं अंगावरचं काळं सोंके, आमचं हातविणीचं लुगडं, सारखं केलं आणि ती निघून गेली. वेन्स तिच्या मागून गेला.

मी तेव्हा हुबर्तकडं पाहिलं. तो नकाशाकडं बघत नव्हता, पस्कालिनाकडं बघत होता, आणि पस्कालिना चटईकडं. त्याच्या तोंडावर जे होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, भावजयीचं वाईट वाटलं असेल.

वेनिंगला मात्र त्याच क्षणी कळलं होतं. घरी जाताना तिनं ओदिलला थांबवलं. "तो ठिपका तिथं नव्हता."

"तू काही बोलली नाहीस."

"कशी बोलू? तुझ्या आईला शब्द दिलाय." मग म्हणाली, "पण तू बोलू शकत होतीस."

गावाला दया आली, हे सगळ्यांत वाईट झालं. दुसऱ्या दिवसापासून दोराकाकूच्या पायरीवर कुणी मक्याची कणसं ठेवी, कुणी रताळी, कुणी केळीच्या पानात थोडा तांदूळ. कोण ठेवून जातं ते दिसू नये अशा बेतानं. तिला सगळ्यांच्या टोपल्या ओळखू येत. ती एकेक उचलून ज्याच्या त्याच्या दारात नेऊन ठेवी आणि न बोलता परत येई. आमच्याही दारात एक आली. माझ्या नवऱ्यानं नेऊन दिली होती. मग तिनं कोठीचं दार उघडंच टाकायला सुरुवात केली, वाटेनं जाणाऱ्याला आतला मका दिसावा म्हणून. आम्ही वाटेनं जाताना मान दुसरीकडं करायचो. उंदीर लागले तरी तिनं दार लावलं नाही.

त्यातच वेन्सचं लग्न ठरत होतं, डोंगरधारेच्या पलीकडच्या वाए लांतारमधल्या मेलानियाशी. बोलणी जवळजवळ झाली होती. आमच्याकडं मुलीकडचे लोक वरचढ. ते मागतात, आम्ही वाकून देतो. ठिपक्याची बातमी तिथवर पोचली आणि त्यांचा निरोप आला, बोलायला या. आमच्याकडून हुबर्त गेला, घरातला मोठा म्हणून, आणि माझा नवरा त्याच्यासोबत.

त्यांच्या बोलक्यानं, म्हणजे सोयरिकीत त्यांच्या वतीनं बोलणाऱ्यानं, रीतीप्रमाणं ताडी पुढं केली, हालहवाल विचारली, आणि मग अगदी गोड आवाजात म्हणाला, "आमची पोर साधी आहे. तिला घरकाम येतं, विणकाम येतं. कडू कंद सोलायला मात्र आम्ही तिला शिकवलं नाही. आता शिकवायचं, तर थोडा वेळ द्या."

माझा नवरा सांगत होता, ओट्यावरच्या बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. हुबर्तनं मान खाली घालून ऐकलं. उत्तर द्यायचं काम त्याचं होतं. आमच्याकडच्या बोलण्यात त्याच्याइतका हुशार कुणी नाही, एकदा बोलायला लागला की समोरचा माणूस आपलंच म्हणणं विसरतो. तो एवढंच म्हणाला, "कळलं." आणि उठला. येताना झऱ्यापाशी थांबून तो पाणी प्याला आणि मग बराच वेळ तसाच ओणवा राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पस्कालिनाकडं चाळण मागायला गेले होते. ते तिघं जेवायला बसत होते, वेनिंगही होती. मी परत वळले तर हुबर्त म्हणाला, "बस. तू पण बघ."

ओदिल आल्यापासून पस्कालिना तिला आणि वेनिंगला भात वाढत असे. स्वतः दोघं नंतर खायची, आम्हाला भूक नाही म्हणायची. त्या दिवशी हुबर्त म्हणाला, "आज तिलाही तेच वाढ."

"काय?" पस्कालिनानं विचारलं.

"आपण खातो ते."

ती हलली नाही. मग तोच उठला, चुलीमागचं झाकलेलं मडकं आणलं, आणि ओदिलच्या ताटात कडू कंदाचे पांढरे, बुळबुळीत काप घातले. माझ्या ताटात काही घातलं नाही, मी पाहुणी होते. पण मला ते मडकं बघून उठून जावंसं वाटलं. एवढं शेजारी राहून मला कळलं नव्हतं. की कळलं होतं आणि मी विचारलं नव्हतं, ते आता नक्की सांगता येत नाही.

ओदिलनं एक काप तोंडात घातला. चावला. गिळला.

"आता सांग," हुबर्त म्हणाला. "माझी भूक दोराच्या छपरावर कुणी नेऊन ठेवली?"

"मी."

"यंत्रानं नाही?"

"नाही, बाबा. हातानं."

"का?"

ती म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना वाटता. तुमच्या अंगणात तो रंग दिसला असता..."

"तर?"

"लाज वाटली असती."

"कुणाला?"

पस्कालिना रडायला लागली. म्हणाली, तांदूळ धाडायचं मीच म्हणायचे, पोर परमुलखात आहे, ह्यांना बोलू नकोस. ओदिल म्हणाली, "आई, तो तांदूळ मी कोंबड्यांना घालत होते." कुणी विचारलं नव्हतं. ती का म्हणाली कोण जाणे. पस्कालिनाचं रडणं तिथंच थांबलं, ते जास्त वाईट होतं.

हुबर्तनं मडक्यावर झाकण ठेवलं. "तुझं तू केलंस," तो म्हणाला. "पण मी त्या ढोलघरात बसलो होतो. रंग बघताच मला कळलं होतं, तो कुणाचा ते. दोरा उभी राहिली तेव्हा मी उठायला हवं होतं. मी नाही उठलो. काल वाए लांतारलाही नाही. त्या माणसानं कंदाचं नाव काढलं, आणि मला वाटलं, ह्याच्या नाकाला माझ्या तोंडाचा वास येतोय." मग ओदिलला म्हणाला, "जा तिच्याकडं."

दोराकाकू उखळात मका कांडत होती. ओदिल समोर उभी राहिली तरी तिचं मुसळ थांबलं नाही.

"काकू, ते चुकून झालं नाही."

ठक. ठक.

"तो ठिपका मी हलवला. तुमचं घर पिवळं होतं."

"ते मला माहीत आहे. माझ्या घरात मी राहते." ठक. "कुणाचा होता?"

"आमचा."

मुसळ थांबलं. "हुबर्तचा?"

"हो."

"आणि तो माझ्यासाठी मेलानियाच्या घरी जाऊन बसला? ते ऐकून घेतलं?"

"हो."

दोराकाकूनं कपाळावरचा घाम पुसला. ओदिलला वाटलं, आता ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "हे तू मला इथं का सांगतेस? माझी अब्रू माझ्या स्वयंपाकघरात नाही गेली. ढोलघरात गेली." आणि पुन्हा कांडायला लागली.

त्यानंतरच्या रविवारी गाव पुन्हा जमला. या वेळी चादर नव्हती. आमच्यात कुणाच्या मनाला जखम केली तर करणाऱ्यानं डुक्कर आणायचं असतं, त्याला जखमेची हळदच म्हणतात. हुबर्तच्या घरी एकच डुकरीण उरली होती, ती त्यानं आणून अंगणात बांधली. ओदिलनं ढोलांखाली कोंबडी आणि ताडीची बाटली ठेवली आणि उभी राहिली. तिनं काय केलं ते तिनं सांगितलं. कारणही सांगितलं, न सजवता. "मी लपवायला गेले आणि दुसऱ्यावर टाकलं," असं ती म्हणाली, आणि ते पुन्हा म्हटलं, मागच्यांना ऐकू जावं म्हणून.

मग हुबर्त उठला. पुष्कळ बोलला नाही. म्हणाला, "काळा ठिपका माझ्या घरचा आहे. पावसात आम्ही कंद खातो. दोरा खात नाही. वाए लांतारला मी हे सांगायला हवं होतं, मला धीर झाला नाही. आता मी जाऊन सांगेन."

बाहेर बांधलेली डुकरीण घुरघुरत होती. कुणाला कुठं बघावं कळेना. आमच्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी हुबर्तकडून काही नेलं होतं. बियाणं, मका, कधी तांदूळ. त्यानं नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. लोदो, जो सगळ्यावर बोलतो, तो पायाच्या बोटांशी खेळत बसला होता.

दोराकाकूनं ताडीचा पेला घेतला, एक घोट प्यायली आणि खाली ठेवला. म्हणजे हळद लागली. रीतीप्रमाणं तिनं काही बोलायला हवं होतं, मन साफ झालं वगैरे. ती बोलली नाही, आणि कुणी आग्रह धरला नाही.

हुबर्त खरंच वाए लांतारला गेला. त्या लोकांनी ऐकून घेतलं, वरमले, म्हणाले आमची घाई झाली, लग्न करू. मेलानियानंही निरोप धाडला म्हणे. पण दोराकाकू ऐकेना. "ज्यांनी मुलगी द्यायच्या आधी माझ्या मडक्यात डोकावलं, त्यांच्याशी मी सोयरीक करत नाही," म्हणाली. वेन्सनं आईला समजावून पाहिलं, मग भांडून पाहिलं, मग बोर्निओला तेलताडाच्या मळ्यात कामाला निघून गेला. मेलानियाचं पुढं दुसरीकडं झालं.

त्या पावसाळ्यात हुबर्तच्या दारात टोपल्या येऊ लागल्या. मीही एक नेली. दोराकाकूसारख्या त्याला त्या परत करता येत नव्हत्या. भर ढोलघरात त्यानंच सांगितलं होतं. तो ओट्यावर बसून प्रत्येकाची टोपली दोन्ही हातांनी घ्यायचा, कुणाची ते बघायचा आणि "हो" म्हणायचा. आयुष्यभर दिलेल्या माणसाला घेताना पाहणं फार अवघड होतं. मी टोपली ठेवून लगेच निघाले. पस्कालिनानं चाळणीबद्दल काहीतरी विचारलं, मी ऐकलं नाही असं दाखवलं.

नकाशाचं गावानं ठरवलं: घराघराचे ठिपके सरकारकडं द्यायचे नाहीत. प्रत्येक वाडीचा एकच रंग, एवढंच. ओदिलनं तसा नवा केला आणि जुना आमच्यासमोर पुसला. आपल्या प्रबंधात तिनं स्वतः काय केलं तेही लिहिलं. तिच्या गुरूंना ते आवडलं नाही. एवढं लिहायची गरज नव्हती म्हणाले, पदवीही लांबली. वेनिंग तिच्याशी अजून बोलते, पण दोघी एकत्र काम करत नाहीत.

ओदिल सुट्टीला येते. झऱ्यावर जायची सरळ वाट फणसाच्या झाडाखालून आहे, ती तिथून जात नाही. चर्चच्या मागून वळसा घालते. लोकांना कळतं, कुणी काही म्हणत नाही.

मागच्या वर्षी नव्या मक्याची जेवणं दोराकाकूकडं होती, पाळी तिची. सगळा कुळगोत बोलावलेला, हुबर्तचं घरही. वेन्स बोर्निओहून आला नव्हता. दोराकाकूनं स्वतःच्या हातानं वाढलं, एकेका पानावर. ओदिल शेवटच्या ओळीत, दाराशी बसली होती. काकू तिच्यापाशी आली तेव्हा मी पाहत होते. तिनं ओदिलच्या तोंडाकडं पाहिलं नाही. पण पान भरून वाढलं, कोंबडीचा चांगला तुकडा घातला, आणि पुढं गेली. ओदिल त्या पानाकडं बघत राहिली. आजूबाजूला सगळे खात होते, बोलत होते. मी हळूच म्हटलं, "खा गं." तिनं मान हलवली, घास उचलला. तोंडापर्यंत नेला आणि तिथंच धरून राहिली, दोराकाकू परत वळून बघते का, याची वाट पाहत. काकू वळली नाही. ती दुसऱ्या ओळीला वाढत होती.